‘आणि’, ‘नाही’, ‘आधी’

आमच्या शाळेची बरीच मुले आज कागल पंचतारांकित एमआयडीसीत काम करतात. सुट्टीला भेटायला आली की ती यंत्रांविषयी बोलतात. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरी त्यांच्या बोलण्यात आम्हांला तर्कशास्त्र ऐकू येते.

पत्रा कापणारी प्रेस घ्या. डावे बटण दाबलेले आहे ‘आणि’ उजवे दाबलेले आहे ‘आणि’ आणीबाणीचे बटण दाबलेले ‘नाही’, तरच प्रेस खाली येईल. दोन्ही हात बटणांवर गुंतले की बोटे वाचतात. अशा विधानांचे बीजगणित जॉर्ज बूल यांनी १८५४ साली ग्रंथरूपाने मांडले. ते जोडे शिवणाऱ्याचे पुत्र, विद्यापीठाची पदवी नसताना गणिताचे प्राध्यापक झालेले. (हे आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो.) विजेच्या स्विचांची जोडणी याच बीजगणिताने मांडता येते, हे क्लॉड शॅनन यांनी १९३७च्या प्रबंधात दाखविले. पीएलसीची ‘लॅडर’ त्याच वंशातली.

परंतु एक बटण तारेने बांधून ठेवले तर? अट पूर्ण होते, आणि एक हात पात्याखाली जायला मोकळा राहतो. बटण शाबूत, प्रेस शाबूत, उणीव विधानात. म्हणून विधान वाढवावे लागते: दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली जावीत, आणि प्रत्येक फेरीच्या ‘आधी’ दोन्ही सुटलेली असावीत. बूल यांच्या बीजगणितात ‘आधी’ला जागा नव्हती. काळाचे तर्कशास्त्र संगणकाच्या कार्यक्रमांना लावण्याची वाट आमिर प्नुएली यांनी १९७७ साली दाखविली.

अनेक यंत्रे एकत्र आली की प्रश्न अधिक बिकट होतो. रोबो पट्टा रिकामा होण्याची वाट पाहतो, पट्टा प्रेसची, प्रेस रोबोची. तिघेही आपापल्या अटीशी प्रामाणिक, आणि सारी साखळी ठप्प! असा दोष एकेक यंत्र तपासून सापडत नाही. कोणी कोणासाठी थांबायचे आणि कोणती स्थिती कधीच येता कामा नये, हे आधी विधानांत लिहिले, तर पाया खणण्यापूर्वीच तो कागदावर पकडता येतो. व्यवस्थेची रचना आम्ही म्हणतो ती हीच.

तार का बांधली जाते, हे मात्र समीकरण सांगत नाही. नगांवर मजुरी ठरली की हात घाई करतात. ते प्रेसवर उभ्या असलेल्यालाच ठाऊक असते, आणि विधान लिहिताना त्याला क्वचितच बोलावतात. आमची काही मुले आता पीएलसीचे प्रोग्राम लिहितात, काही प्रेस चालवितात. जेवणाच्या सुट्टीत ती एका बाकावर बसतात.