सावली डिसेंबरची बघावी

रेणापुरात उन्हाला तोटा नाही. त्यामुळं सोलर बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'किती किलोवॅट?' सावली कुठून येते आणि प्लेटांखालून वारा खेळतो का, हे कुणी विचारत नाही. खरा फरक तिथंच पडतो, हे मला आमच्या गच्चीवर कळलं.

आमचा तीन किलोवॅटचा संच बसला तो मे महिन्यात. बसवणारे दुपारी आले, जागा पाहिली. पाण्याची टाकी नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात होती, पण तिची सावली प्लेटांच्या आसपासही नव्हती. मे महिन्यात ती दिसणारच नाही. रेणापूर साधारण साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि खांबाची सावली बुडाशीच गोळा होते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा जेमतेम 48 अंश वर चढतो. तीन मीटर उंच वस्तूची सावली तेव्हा उत्तरेकडं पावणेतीन मीटर जाते. दुपार कलली की ती ईशान्येकडं आणखी लांबते आणि आमच्या प्लेटा नेमक्या तिथंच होत्या.

दिवाळीनंतर मोबाइलवरचा विजेचा आलेख रोज दुपारी ठरल्या वेळी घसरू लागला. लातूरहून एक तंत्रज्ञ थर्मल कॅमेरा घेऊन आला. "काका, हे बघा." पडद्यावर अख्खी प्लेट एका रंगाची आणि खालच्या कोपऱ्यात एकच चौकोन पांढराफटक. वाकून मागून पाहिलं, तर पांढऱ्या पाठीवर त्याच जागी तपकिरी डाग उमटला होता. "हात लावू नका, भाजंल," तो म्हणाला.

प्लेटमधले सेल एकापुढं एक जोडलेले असतात. एकावर सावली पडली की त्याची वीज थांबते, पण बाकीच्यांची वीज त्याच्यातूनच रेटली जाते आणि तो शेगडीसारखा तापतो. हे टाळायला मागच्या डबीत बहुधा तीन बायपास डायोड असतात. ते अडलेला भाग वगळून विजेला वाट देतात. पण सावली रोजचीच असेल तर तो डायोडही रोज तापतो आणि एक दिवस जातो. आमचा तसाच गेला होता. पक्ष्यांची वाळलेली विष्ठासुद्धा असा एखादा सेल जाळू शकते.

उष्णतेचा हिशेब वेगळा. प्लेटवर लिहिलेले वॅट हे सेलचं तापमान 25 अंश असतानाचे. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये सेल 65 ते 70 अंशांवर जातो. दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते, म्हणजे ऐन उन्हात 14 ते 16 टक्के गेलीच. प्लेटा स्लॅबला किंवा पत्र्याला चिकटून असतील तर घट आणखी वाढते. आम्ही टाकी उत्तरेला हलवली, खराब प्लेट बदलली आणि अँगल उंच करून खालून वाऱ्याला वाट दिली. प्लेटा आता सकाळीच धुतो. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते आणि बोअरचं जड पाणी वाळून पांढरे डाग राहतात.

शेतातल्या सौरपंपांनाही हेच लागू आहे. आपल्या तालुक्यात ऊस भरपूर. लागण करताना प्लेटा मोकळ्या दिसतात, पण ऊस डोक्याच्या वर गेला की खालची रांग झाकली जाते आणि पंपाचं पाणी कमी होतं. दक्षिणेला, पूर्वेला आणि पश्चिमेला थोडी पट्टी मोकळी सोडावी किंवा तिथं हरभऱ्यासारखं बुटकं पीक घ्यावं. अर्ध्या सेलची नवी प्लेट उभी लावली, तर खालचा अर्धा भाग झाकला तरी वरचा अर्धा चालू राहतो. सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडाला की त्याच आठवड्यात प्लेटा पुसाव्यात.

प्लेटांची हमी बहुधा पंचवीस वर्षांची असते. म्हणून बसवणाऱ्याला आधीच विचारा, डिसेंबरात सकाळी नऊ ते दुपारी चार सावली कुठं पडेल आणि प्लेटांखाली किती मोकळी जागा सोडणार. उत्तर कागदावर घ्या, मगच अँगल ठोकू द्या.