विकला तरी पंप आपलाच

वाचकहो, पंप म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे विहिरीवरची मोटर आणि पाटात पडणारे पाणी उभे राहते. पण मी ज्या पंपाविषयी लिहिणार आहे, तो पाण्याचा नाही. तो तेल ढकलतो. तुमच्या ट्रॅक्टरचा नांगर सरीच्या टोकाला वर उचलला जातो, शेणखताने भरलेली ट्रॉली मागे कलंडते, ती याच्या जोरावर. आकाराने तांब्याएवढा. ट्रॅक्टरच्या अंगात कुठे बसलेला असतो, हे पुष्कळ मालकांना ठाऊकही नसते. तो बिघडला म्हणजेच त्याची आठवण होते.

असले हायड्रॉलिक पंप करण्यात माझे आयुष्य गेले. वडील कोरडवाहू शेतकरी. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर हेल्पर म्हणून लागलो आणि 1981 साली भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचे काम सुरू केले. एक जुना लेथ, मी आणि दोन पोरे, एवढाच कारखाना. आमच्या भागाला लोखंडाचे वेड जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तेव्हापासून नांगराच्या फाळापासून इंजिनापर्यंत सारे इथल्या ओतशाळांतून शेतात जाऊ लागले. मी त्या मोठ्या झाडाखाली उगवलेले एक रोपटे.

या पंपाचे काम समजायला सोपे आहे. एका बंद डब्यात दोन दातेरी चाके एकमेकांत अडकून फिरतात. दातांच्या खाचांत तेल सापडते आणि कडेकडेने पुढे ढकलले जाते. बंद जागेतल्या द्रवाला एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कल नावाच्या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात सांगून ठेवले आहे. आपण त्याचा हिशेब करू. ट्रॉलीखालचा सिलिंडर दहा सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर त्याचे तोंड साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटरचे झाले. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दीडशे किलोचा दाब आला की तो सुमारे पावणेबारा टनांचा रेटा देतो. तांब्याएवढ्या पंपाची ही करामत! पण त्यासाठी आतले चाक आणि त्याला धरून ठेवणारे बुश यांच्यात मिलिमीटरच्या शंभर भागांपैकी दोन-चार भागांपेक्षा जास्त फट चालत नाही. फट वाढली की पुढे गेलेले तेल आतल्या आत मागे पळते.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो, ती सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

1987 चा मे महिना होता. कृष्णाकाठच्या एका गावाहून पोस्टकार्ड आले. मजकूर एवढाच, की पंप सकाळी ट्रॉली उचलतो, दुपारी उचलत नाही. मी पंप मागवून घेतला. एसटीच्या टपावरून तो पोत्यात बांधून आला. आम्ही तपासणीच्या टेबलावर लावून पाहिला, तर दाब व्यवस्थित! मी पंप परत पाठवला आणि सोबत चिठ्ठी लिहिली, ‘पंप ठीक आहे. तुमचे तेल घाण असणार. नवीन तेल भरावे व ट्रॅक्टर काळजीने वापरावा.’ आठ दिवसांनी पंप पुन्हा आला. पुन्हा तपासला, पुन्हा ठीक, पुन्हा चिठ्ठी.

तिसऱ्या वेळी पोत्याबरोबर मालकही आले. साठीचे गृहस्थ, डोक्याला पटका, खांद्यावर पोते. बँकेच्या कर्जावर ट्रॅक्टर घेतलेला. स्वतःचे आणि भाड्याचे मिळून चाळीस-पन्नास खेपा शेणखत टाकायचे राहिलेले आणि मृग तोंडावर आलेला. चिडले नाहीत. कोपऱ्यातल्या खोक्यावर बसून त्यांनी विचारले,

“सायेब, तुमी हे तपासताय कवा?”

“सकाळी, आबा. काम सुरू करायच्या आधी.”

“किती वेळ चालवताय?”

“पाच-दहा मिनिटं.”

“मग दुपारपतूर चालवून बघा की. माझंबी सकाळच्याला उचलतंयच. दुपारी रुसतंय. दोन गडी फावड्यानं ट्रॉली रिकामी करत्यात. त्यांची हजेरी कोन देनार?”

वाचकहो, मला त्या क्षणी राग आला होता, हे लपवत नाही. धंदा माझा, आणि हा माणूस मला शिकवणार? पण सौभाग्यवती तिथेच बिले लिहीत बसली होती. ती हळूच म्हणाली, “अहो, लावून तर बघा. ते एवढ्या लांबून आलेत.”

पंप लावला. आबांना चहा दिला. तासभर पंप फिरत राहिला, तेल तापत गेले आणि दाबाचा काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली आला. थंडीतले तूप आणि उन्हाळ्यातले तूप यांत जो फरक, तोच थंड आणि गरम तेलात. थंड तेल जाड असते, ते वाढलेल्या फटीतूनही फारसे निसटत नाही. तापले की पातळ होते आणि मागच्या मागे पळते. पंप खोलला. बुश झिजले होते. धातू मऊ होती. वर्ष-दोन वर्षे टिकायचे ते बुश दोन महिन्यांत गेले होते.

त्या वेळी मी चार पैसे वाचवायला नेहमीचे बुश सोडून दुसरीकडून स्वस्तातले घेतले होते. देणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. घेणारा मी होतो आणि तपासायचे काम माझे होते.

आबांनी कोपरीच्या खिशातून माझ्या दोन्ही चिठ्ठ्या काढल्या. म्हणाले, “तुमी लिवलं म्हनून त्याल बदलून टाकलं. डबा नवा आनला.” दुसरे काही बोलले नाहीत. त्याच दिवशी चांगले बुश घालून, गरम तेलावर दोन तास चालवून पंप त्यांच्या हाती दिला. तेलाच्या डब्याचे आणि दोन गड्यांच्या हजेरीचे पैसे पुढे केले. त्यांनी ते मोजून घेतले. मला बरे वाटले. नको म्हणाले असते तर ते ओझे माझ्याच डोक्यावर राहिले असते.

पण एवढ्याने भागणार नव्हते. आमच्या सौ.ने पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली होती. प्रत्येक पंपाच्या अंगावर नंबर ठोकायचा आणि वहीत नंबर, तारीख, घेणाऱ्याचे नाव, गाव आणि ट्रॅक्टर लिहायचा. मी तिला पुष्कळदा हसलो होतो. त्या रात्री तिने वही उघडली. त्या उन्हाळ्यात पाच पंप परत आले होते, आणि पाचही 341 ते 400 या नंबरांतले. म्हणजे एकाच खेपेचे साठ पंप. आठ शेडमध्ये होते, बावन्न लोकांच्या ट्रॅक्टरवर.

दोन रस्ते होते. एक, गप्प बसायचे. जो येईल त्याचा बदलून द्यायचा, येणार नाही त्याचे नशीब. दुसरा, स्वतः जायचे. नवीन लेथसाठी साठवलेले पैसे घरात होते. रात्रभर विचार केला. माझे वडील आठवले. एका साली त्यांना खोटे बियाणे मिळाले होते. विकणाऱ्याने हात वर केले, आणि वडील त्या वर्षी दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला गेले. सकाळी मी एसटीच्या स्टँडवर होतो.

पिशवीत बुश, सील आणि पाने घेऊन मी आणि एक पोरगा तीन आठवडे गावोगाव फिरलो. मृगाच्या आत जितके होतील तितके केले, उरलेले नंतर. एकोणपन्नास पंप सापडले. तीन दुकानातून पुढे विकले गेले होते, ते शेवटपर्यंत मिळाले नाहीत. ते तीन नंबर मला आजही पाठ आहेत. लेथ मात्र दोन वर्षे लांबला.

काही गावांत लोकांनी जेवू घातले, काही ठिकाणी शिव्याही खाल्ल्या. दोन्ही रास्तच होते. पण या फिरतीत मी जे शिकलो ते शेडमध्ये बसून कधी शिकलो नसतो. ट्रॅक्टरची जाळी कशी बुजते, तेलाचा डबा उघडा ठेवून त्यात धूळ कशी पडते, हे तिथेच पाहिले. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला, की एकही पंप गरम तेलावर चालवल्याशिवाय शेडबाहेर जाणार नाही.

धंदा वाढत गेला. दोनाचे बारा कामगार झाले. 1996 साली परराज्यातल्या एका व्यापाऱ्याने एकदम तीनशे पंपांची मागणी केली. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच आली होती. मी अट घातली, की तुमचे दोन मेकॅनिक आठ दिवस आमच्याकडे शिकायला पाठवा आणि दुकानात सील-बुश ठेवा. तो हसला. म्हणाला, “शेठ, विकून मोकळे व्हा. मागचे कोण बघतो?” ऑर्डर गेली. तिच्या आशेवर घेतलेल्या दोन मुलांना काही महिने काम पुरवताना जीव मेटाकुटीला आला. मी शहाणपणा केला की हट्ट, हे आजही ठामपणे सांगता येणार नाही. पण जिथे आपला माणूस पोचत नाही, तिथे पंप विकायचा धीर मला झाला नाही.

2009 पासून लेक कारखाना बघते. तिने माझी अडचण निराळ्या तऱ्हेने सोडवली. तालुक्याच्या गावांतले मेकॅनिक बोलावून ती त्यांना शिकवते, आणि ज्या तालुक्यात शिकलेला मेकॅनिक नाही तिथे माल देत नाही. आता शेतकरी मोबाइलवर पंपाचा आवाज पाठवतात. खरखर ऐकली की ती सांगते, “काका, तेलाची पातळी बघा, येणाऱ्या पाइपातून हवा शिरतेय.” निम्मी दुखणी पंप न काढताच बरी होतात. आईची वही आता संगणकात आहे, पण रकाने तेच.

जाता जाता तुमच्या कामाच्या चार गोष्टी सांगतो. कोणाचाही पंप घ्या, त्याच्यावर नंबर आहे ना, तो बिलावर लिहिला आहे ना, हे पाहा. पंप उजव्या फेऱ्याचा की डाव्या, हे विचारा. उलट्या फेऱ्याचा बसवला तर शाफ्टचे सील बाहेर फेकले जाते. बसवताना पंपात आधी तेल भरा, कोरडा फिरवू नका. तेल ताकासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी गेले आहे, फेसाळले तर हवा. सकाळी उचलतो आणि दुपारी रुसतो, असे झाले तर आबांची आठवण करा. आणि ट्रॉली जड जाते म्हणून कोणी रिलीफ व्हॉल्व्ह आवळून देऊ लागला, तर त्याला हात लावू देऊ नका. तो व्हॉल्व्ह म्हणजे कुकरची शिट्टी आहे.

आणखी दोन गोष्टी जिवाच्या आहेत. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय कधीही जाऊ नका. होज फुटला तर ती पापणी लवायच्या आत खाली येते. आणि बारीक गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून पाहा. दाबाखालचे तेल सुईसारखे कातडीत शिरते. सुरुवातीला दुखतही नाही, नुसता टोचल्याचा ठिपका दिसतो. तरीही त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा आणि कशाने झाले ते डॉक्टरांना सांगा. उशीर झाला तर हात गमवावा लागतो.

आबा 2003 साली वारले. त्यांचा नातू गेल्या वर्षी नव्या ट्रॅक्टरसाठी पंप घ्यायला आला होता. लेकीने पैसे घेऊन पंप बांधून दिला, तर तो म्हणाला, “ताई, जरा दुपारपर्यंत चालवून दाखवा. आजोबांनी सांगितलंय.”

आम्ही चालवून दाखवला.