मागच्या सीटचं माप

मोटारसायकलवर दोघं बसतात, पण ती घेताना विचार एकाचाच होतो. कंपनीचं माहितीपत्रक उघडून बघा. सीटची उंची दिलेली असते, ती चालवणाऱ्याच्या सीटची. ताकद किती, टाकी किती लिटरची, मायलेज किती, सगळं त्याच्यासाठी. मागची सीट किती रुंद, मागच्या माणसाचे गुडघे किती दुमडणार, हातानं धरायला काय आहे, याबद्दल त्या गुळगुळीत कागदावर बहुधा एक ओळ नसते. आणि आपल्याकडे मागं बसणारं माणूस म्हणजे बहुतेक वेळा बाईच.

मी चौतीस वर्षं मागं बसते आहे. लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा यांच्याकडे लुना होती. फिरोदियांच्या कायनेटिकनं १९७२ साली काढलेली ही ५० सीसीची गाडी तेव्हा घरोघरी होती. चढ आला की मी उतरायची, हे पेडल मारत वर जायचे, आणि चढ संपला की मी परत बसायची. मग स्कूटर आली. मुलगा पुढं उभा, मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये, आणि मी स्टेपनीला पाठ लावून तिरकी. त्यानंतर १०० सीसीची मोटारसायकल. बाजार, दवाखाना, लग्नकार्य, मयत, सगळं त्याच गाड्यांवर झालं. एकाही गाडीच्या खरेदीला मी गेले नव्हते. गाडी दारात यायची, मी हळदकुंकू लावायची, आणि मागं बसायची.

गेल्या वर्षी हे बँकेतून निवृत्त झाले. निरोपाच्या हारांचा वास जायच्या आत यांनी कपाटातून एक नकाशा काढला. स्तवनिधी, कुंभोज बाहुबली तर जवळचेच. पण त्याच्याही पुढं कारकळ, मूडबिद्री, वेणूर, परतताना श्रवणबेळगोळ. सगळीकडे पेन्सिलीच्या खुणा. "मोटारसायकलनं जाऊया की," म्हणाले. यांचे चार मित्र नाहीतरी दरवर्षी जातात, बायकांना घरी ठेवून. यांना तसं जायचं नव्हतं. "तू येणार असलीस तर गाडी घेतो. नाहीतर नको. मला काय एकट्याला फिरायचं नाही."

ऐकायला बरं वाटलं. पण माझं माकडहाड दुखतं. काही वर्षांपूर्वी अंगणात घसरून पडले, तेव्हापासून अर्धा तास एका जागी बसले तरी कळ येते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "गाडीवर बसायचं असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसा. तिरकं बसणं बंद." तिरकं बसलं की कंबर एका बाजूला पिळते, सगळा भार एकाच कुल्ल्यावर येतो, आणि गाडीचा तोल सांभाळताना चालवणाऱ्याचीही ओढाताण होते. मला प्रश्न सरळ दिसत होता. गाडी चुकीची आली तर पहिल्या फेरीनंतर मी घरी बसणार. मी घरी बसले तर हेही बसणार, किंवा मग मित्रांबरोबर जाऊ लागणार. आमची उरलेली धडधाकट वर्षं मोजकी आहेत. ती दोघांची व्हायची की एकेकट्याची, हे त्या मागच्या हातभर सीटवर ठरणार होतं.

म्हणून मी सांगितलं, "चालवा तुम्ही. पण गाडी मी बघणार."

आत्ती आता शहाऐंशीच्या आहेत. त्या बैलगाडीतून सासरी आलेल्या. हे काहीतरी कुरकुरायच्या आत त्याच म्हणाल्या, "बरोबर हाय की. म्होरल्याला रस्ता दिसतोय, खड्डा आला की अंग सावरतोय. मागल्याला काय दिसतंय? त्यानं आधीच बघून बसावं." मोटारसायकलवर कधीही न बसलेल्या बाईनं सगळ्या विषयाचं सार एका दमात सांगून टाकलं.

शोरूममध्ये जाताना मी शिवणाच्या डब्यातली इंचपट्टी पर्समध्ये टाकली. तिथला पोरगा यांना गाडीभोवती फिरवत होता आणि मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसा, पाणी घ्या." मी पाणी घेतलं आणि मागची सीट मोजायला लागले. लांबी, रुंदी, आणि सीटपासून पायटेकूपर्यंतचं अंतर. हे शेवटचं माप सगळ्यांत महत्त्वाचं. अंतर कमी असलं की गुडघे पोटाशी येतात, आणि शरीराचा सगळा भार थेट माकडहाडावर बसतो. अंतर पुरेसं असलं की भार मांड्यांवर आणि पावलांवर वाटला जातो. खड्डा आला की पायटेकूवर जोर देऊन बूड बोटभर उचलता येतं. पोरगा पहिल्यांदा हसला. मग दुसऱ्या गाडीच्या वेळी त्यानंच पट्टीचं दुसरं टोक धरलं.

चार प्रकारच्या गाड्या मी पाहिल्या, त्यांचे गुणदोष सांगते. पहिली हिमालयनसारखी उंच, डोंगरातली गाडी. तिचे शॉकअॅब्सॉर्बर लांब, खड्डे ती गिळून टाकते, पाठ ताठ राहते. पण पुढची सीटच ८०० मिलिमीटरच्या वर, मागची त्याहून उंच. माझा पाय वरून पलीकडे जाईना. घोड्यावर चढवल्यासारखं मला कुणी चढवायचं, आणि तेही प्रत्येक चहाच्या थांब्याला? दुसरी अॅव्हेंजरसारखी बुटकी क्रूझर. सीट ७३७ मिलिमीटर, चढायला पाटावर बसण्याइतकी सोपी. पण पुढच्याचं जितकं ऐसपैस तितकं मागच्याचं मला वाटेना. तिसरी होंडाची सीबी ३५०. सीट सलग, लांब, मऊ, गाडी शांत. ती मला आवडली होती. चौथी रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५०. पुढची सीट ७६५ मिलिमीटर, मागची वेगळी, आणि पाठीला टेकायला उशी असलेला प्रकारही त्यात मिळत होता. वजन मात्र १९१ किलो.

जुन्या बुलेटवर बसलेल्यांना तिची थरथर माहीत असेल. उतरल्यावरही पायात मुंग्या. नव्या ३५० सीसीच्या इंजिनात ती थरथर मोडायला आत एक फिरता तोल बसवलेला असतो, त्यानं पुष्कळ फरक पडलाय. ६५० सीसीची दोन सिलिंडरची गाडी याहून मऊ चालते असं सगळे म्हणाले. पण सुपर मीटिअरचं वजन २४१ किलो. साठीतल्या माणसानं मागं बायको आणि सामान घेऊन ती घाटातल्या उतारावर थांबवायची, वळवायची, मागं ढकलायची. हौसेला वय नसतं, पण गुडघ्याला असतं. तो विचार आम्ही तिथंच सोडला.

पुढची पायरी म्हणजे चालवून बघणं. शोरूमवाले गुळगुळीत रस्त्यावर दोन मिनिटं फिरवून आणतात. चालवणाऱ्याला तेवढं पुरतं, मागच्याला नाही. सीट मऊ आहे की नुसती मऊ वाटते, हे कळायला निदान अर्धा तास लागतो. फार मऊ स्पंज पंधरा मिनिटांत दबतो आणि खालची फळी टोचू लागते. मी सांगितलं, अर्धा तास द्या, आणि आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांतून जाऊ द्या. दिला. तीन वेळा चढून उतरून बघितलं. सायलेन्सर उजव्या अंगाला आणि तापलेला, म्हणून चढणं-उतरणं डावीकडूनच. पोटरी कुठं भाजते का, तेही बघून घेतलं. शेवटी मीटिअर ठरली, आणि ती पाठीच्या उशीमुळे ठरली.

साडीबद्दल लिहिलंच पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे मोटारसायकलला मागच्या माणसासाठी हाताची पकड हवी, पायटेकू हवं, आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून मागचं चाक निम्म्याहून कमी नाही एवढं झाकणारी जाळी हवी. तिलाच आपण साडीगार्ड म्हणतो. हौशी पोरं गाडी देखणी दिसावी म्हणून पहिल्यांदा तीच जाळी आणि पकड काढून टाकतात. मग त्याच गाडीवर आईला देवळात नेतात. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर सावरायला क्षणभरही मिळत नाही. तुमच्या घरातल्या गाडीला ती जाळी आहे का, हे आजच खाली जाऊन बघा.

मी मात्र लांबच्या प्रवासाला साडी सोडली. छप्पनाव्या वर्षी पँट आणि लांब कुडता घालून दोन्हीकडे पाय टाकून बसले. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंत मान वर केली नाही. बसदीत एकीनं विचारलंच, "काय हो वहिनी, या वयात?" मी म्हटलं, "या वयात म्हणूनच." वीस वर्षांची असते तर तिरकी बसूनही निभावलं असतं. आत्तींना आधी विचारलं होतं, त्या म्हणाल्या, "अंग झाकलंय न्हवं? मग झालं."

चामड्याचं जाकीट आम्हाला चालणार नव्हतं. कोपर, खांदे, पाठ यांना आतून पॅड असलेलं जाळीदार कापडाचं मिळतं, ते उन्हातही बरं. हेल्मेट दोघांना, आयएसआय शिक्क्याचं. कायदा दोघांनाही सारखाच आहे, पण आपल्याकडे नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि बायकोच्या डोक्यावर पदर, हे दृश्य अजून रोज दिसतं.

पहिली फेरी मुद्दाम जवळची ठेवली. काकती, हत्तरगी, संकेश्वर करत स्तवनिधी. निघायच्या आधी यांनी दोन गोष्टी केल्या. मागच्या चाकात दोन माणसांना लागते तेवढी जास्त हवा भरली आणि मागच्या शॉकअॅब्सॉर्बरची खाच घट्ट केली. या गाडीला अशा सहा खाचा आहेत. एकट्याच्या खाचेवर दोघं बसली की मागची बाजू दबते आणि प्रत्येक खड्डा थेट मागच्याच्या मणक्याला कळतो. इतकी वर्षं मला वाटायचं, खड्डे मलाच जास्त लागतात हे माझं नाजूकपण. यात नाजूकपणाचा काही संबंध नाही. मागचं माणूस जवळजवळ चाकावरच बसलेलं असतं.

आमचे नियमही तिथंच ठरले. यांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकवून पुढचा ब्रेक धरून "हं" म्हटल्याशिवाय मी चढायचं नाही. वळणावर मी उलट्या बाजूला झुकायचं नाही, यांच्या ज्या खांद्याकडे वळण त्या खांद्यावरून पुढं बघायचं. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. दोन थापा पडल्या की "आत्ताच तर थांबलो होतो" हे वाक्य काढायचं नाही. चाळीस-पन्नास किलोमीटरला एकदा उतरून पाच मिनिटं चालायचं. पाठीवरची सॅक दोघांनीही घ्यायची नाही, सामान मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, सारख्या वजनाचं. आमचं जेवण सूर्यास्ताच्या आत, त्यामुळे मुक्कामाला उजेडातच पोचायचं हा नियम वेगळा करावा लागला नाही.

तवंदीच्या घाटात वारा लागला. दोन्ही पाय टेकलेले, पाठीला उशी, हात मोकळे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी गाडीवर बसून दोन्हीकडचं शेत पाहिलं. तिरकं बसलं की अर्धाच मुलूख दिसतो, हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. कळ आली, नाही असं नाही. पण ती तासाभरानं आली, आणि चालल्यावर गेली.

त्यानंतर कुंभोज झालं. दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर, कारकळला निघायचं आहे. तिथला बाहुबली १४३२ सालचा, वेणूरचा १६०४ चा. त्यांना आमची घाई नाही. म्हणून रोज दीडशे किलोमीटरच्या वर जायचं नाही असं ठरलंय. यांच्या मित्रांना तेवढं अंतर सकाळच्या नाश्त्याआधी लागतं. असू दे.

परवा त्या मित्रांपैकी एकाच्या बायकोचा फोन आला. त्यांच्याकडे नवी गाडी घ्यायचं चाललंय. "कुठली घ्यावी हो?" तिनं विचारलं. मी गाडीचं नाव सांगितलं नाही. तिची उंची वेगळी, तिचे गुडघे वेगळे, माझी गाडी तिला बरी पडेलच असं नाही. एवढंच सांगितलं, की यांच्याबरोबर तू जा, प्रवासात घालणार तेच कपडे घालून जा, आणि अर्धा तास मागं बसल्याशिवाय कुणाला पैसे देऊ देऊ नकोस.

"आणि इंचपट्टी?" ती म्हणाली.

"ती माझ्याकडून घेऊन जा की."