घर राखणारी

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या माथ्यावरची गावं ओस पडतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, कुठल्याही वस्तीवर किंवा तांड्यावर जा, धडधाकट माणसं ट्रक-ट्रॅक्टरांत बसून ऊस तोडायला साखर कारखान्यांकडे गेलेली असतात. आपण लिहितो ते गेलेल्यांविषयी, आणि ते लिहायलाच हवं. पण अर्ध्याअधिक दारांना कुलपं असलेल्या गल्लीत एखाद्या चुलीतून धूर निघतो, तिथं एक म्हातारी दोन-तीन नातवंडांना भाकरी थापून देत असते. बीडचा ऊसतोड संसार कोयत्यावर चालतो, असं सगळे म्हणतात. माझ्या मते तो या म्हातारीवर उभा आहे. म्हणूनच तिला आठवताना मायेची मूर्ती म्हणून हात जोडून मोकळं होऊ नये, तिच्या कष्टांचा हिशेब मांडावा.

हा हिशेब उचलीपासूनच सुरू होतो. मजुरांची टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. ही जोडी पाच-सहा महिने फडात राहू शकते, कारण मागे शाळेत जाणारी पोरं, दोन शेळ्या, अंथरुणाला खिळलेला म्हातारा आणि कोरडवाहू तुकड्यातली तूर कुणीतरी सांभाळत असतं. आज सत्तरी ओलांडलेल्या या बायांनी १९७२च्या दुष्काळात खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले, पुढं कित्येक हंगाम डोक्यावर मोळ्या वाहिल्या. कंबर वाकली तेव्हा त्यांच्या वाट्याला विश्रांती आली नाही, दुसरी पाळी आली. स्वतःचं पुरं पडत नसताना शेजारच्या आईविना पोराच्या ताटात त्या भाकरी वाढतात. ही पिढी आता एकेक करून चालली आहे, आणि तिच्या नावावर एका टनाचीही नोंद नाही. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. तिचं काम कुठल्याच दरात बसत नाही.

यावर कुणी म्हणेल, आजीच्या मायेला मजुरी म्हणणं हा मायेचाच अपमान आहे. मला तसं वाटत नाही. माया खरी आहे, म्हणून तर ती फुकट वापरता येते. नातवंडाला जवळ घेणं ही माया; पण सहा महिने त्याचं जेवण, ताप, शाळा एकटीनं निभावणं हे काम आहे, आणि त्यातून वाचलेला पैसा तिच्या पदरात पडत नाही. दुसरा आक्षेप असा की, तिला ऊस तोडता येत नाही, मग घरी बसून ती आणखी काय करणार? पण ती नसते तेव्हा काय होतं ते पाहावं. लेकरं शाळा सोडून आईबापांबरोबर फडाजवळच्या कोपीवर जातात, नाहीतर थोरल्या पोरीच्या गळ्यात घर पडतं. पोरीला एकटी कुठं ठेवायची, या धास्तीनं तिचं लग्न उरकलं जातं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी शंभरातल्या चाळीसहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. त्याला कारणं अनेक आहेत, पण घरात राखणारं माणूस नसणं हे त्यातलं एक मोठं कारण आहे.

वसतिगृहं झाली की आजीची गरज उरणार नाही, हा तिसरा मुद्दा. हंगामी वसतिगृहं, संत भगवानबाबांच्या नावानं सुरू झालेली शासकीय वसतिगृहं हवीतच, आणखी हवीत. पण रात्री ताप चढलेल्या पोराच्या उशाशी बसणारं माणूस योजनेनं उभं राहत नाही. सोय वाढावी ती म्हातारीचा भार हलका व्हावा म्हणून, तिला विसरता यावं म्हणून नव्हे. ऊसतोड कामगाराला ओळखपत्र देताना त्याच कागदावर मागे राहणाऱ्या आजीचं नाव लिहावं आणि कामगार कल्याणाच्या निधीतून हंगामभर तिला तिच्या हक्काचे पैसे द्यावेत. साखरेच्या प्रत्येक पोत्यात तिचे कष्ट आहेत, ते तिच्या हयातीतच मोजा.