पाळीवरचा पेच

गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधच्या पाळीवर आम्हांला 'कैद्यांचा पेच' आठवला. दोन कैदी, दोन कोठड्या. प्रत्येकजण स्वतःपुरता शहाणा वागतो आणि दोघेही बुडतात. यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम (नोबेल, २००९) यांचे उत्तर आम्ही वर्गात हौसेने सांगत आलो : गावात कोठड्या नसतात, माणसे एकमेकांशी बोलतात, उद्या पुन्हा भेटतात, म्हणून सामायिक पाणी राखू शकतात. कोहळ्यांनी बांधलेली या भागातील तळी हा आमचा आवडता दाखला. पण ती बोलण्याने राखली गेली, की मालगुजाराच्या धाकाने? १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली. 'माजी मालगुजारी' म्हणून आता ते 'मामा तलाव'. (नात्यातला मामा नव्हे!) गाळ आपणच का उपसावा, हा पेच पुन्हा प्रत्येकाच्या दारी आला. आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरांना त्या जुन्या बोलण्यात जागा होती काय, हे तर आम्ही वर्गात कधी विचारलेच नव्हते.