जे गेले नाहीत

गोल्डन गेट पार्कच्या आग्नेय टोकाला कीझार स्टेडियम आहे. आमच्या भागातली माणसं सकाळी धुक्यात तिथल्या धावपट्टीवर चालायला, पळायला येतात. मीही जाते. जुनं स्टेडियम खूप मोठं होतं, जवळपास साठ हजार माणसं बसतील एवढं. ते 1989 मध्ये पाडलं आणि त्याच जागी हे छोटं उभं राहिलं. मैदानाला बॉब सेंट क्लेअर यांचं नाव दिलं आहे. पावणेसात फूट उंचीचा हा माणूस शाळेत, कॉलेजात आणि पुढे फोर्टीनाइनर्स या इथल्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाकडून, आयुष्यभर याच मैदानावर खेळला. सॅन फ्रान्सिस्कोत नव्याने आलेल्या कुणालाही फोर्टीनाइनर्स माहीत असतात. इथेच एका कॉलेजच्या संघाने काय करून दाखवलं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. ते जितक्यांना सांगता येईल तितक्यांना सांगावं, असं मला फार वाटतं.

कीझारपासून चालत जाण्याच्या अंतरावर, टेकडीवर, युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को आहे. जेझुइट पाद्र्यांनी 1855 मध्ये काढलेली ही संस्था. तिच्या संघांना ‘डॉन्स’ म्हणतात. 1951 च्या मोसमात प्रशिक्षक जो कुहॅरिक यांच्या हाताखाली डॉन्स नऊ सामने खेळले आणि नऊच्या नऊ जिंकले. एकही बरोबरीत सुटला नाही.

संघात कोण होतं ते पाहा. जीनो मार्केटी हा इटालियन घरातला मुलगा, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी युरोपात दुसऱ्या महायुद्धाच्या आघाडीवर लढून आलेला. सेंट क्लेअर तर होताच. संघाची प्रसिद्धी सांभाळणारा विशीतला तरुण पीट रोझेल पुढे सगळ्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा प्रमुख झाला. आणि दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, ऑली मॅट्सन आणि बर्ल टोलर. बाकी सगळा संघ गोरा.

मॅट्सनच्या हातात चेंडू आला की समोरचे अकरा जण त्याला अपुरे पडत. त्या मोसमात त्याने 1,566 यार्ड धाव घेतली आणि 21 टचडाउन केले. न्यूयॉर्कमध्ये फोर्डम कॉलेजविरुद्धचा सामना डॉन्सनी 32-26 असा काढला. त्या सामन्यात समोरून आलेली किकऑफ झेलून जवळजवळ अख्खं मैदान पार करण्याची करामत मॅट्सनने दोनदा केली. टोलरचं काम उलट बाजूचं होतं. प्रतिपक्षाच्या माणसाला आडवं पाडणं आणि तिथल्या तिथे थांबवणं. असं काम आकड्यांत फारसं दिसत नाही. पण मार्केटीसारखा माणूस पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिला, की आमच्यातला सर्वांत चांगला खेळाडू टोलर.

नववर्षाच्या सुमारास तेव्हा ‘बाउल’ सामने होत, आजही होतात. मोसमात उत्तम खेळलेल्या कॉलेजांना त्यासाठी आमंत्रण येतं. मायामीचा ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बाउल, जॅक्सनव्हिलचा गेटर बाउल, हे मोठे सामने दक्षिणेकडचे. त्या राज्यांत तेव्हा काळ्या-गोऱ्यांनी वेगळं बसायचं, वेगळं राहायचं, हा कायदाच होता. नोव्हेंबरमध्ये कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा 47-14 असा धुव्वा उडवल्यावर डॉन्सच्या मुलांना आमंत्रणाची आशा वाटणं साहजिक होतं. पुढे काय झालं ते या खेळाडूंनी म्हातारपणापर्यंत एकाच तऱ्हेने सांगितलं आहे. आमंत्रण मिळेल, पण मॅट्सन आणि टोलर यांना घरी ठेवून या, असा निरोप आला. संघाने नकार दिला. मतं घेतली नाहीत, बैठक भरली नाही. चर्चा करण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नाही, असं ते सांगत.

मला ही गोष्ट धरून ठेवते ती इथे. दाराशी उभं राहून माणसाला अडवणारे थोडे असतात. त्यांचं फावतं, कारण ज्यांना आत घेतलं जातं ते हळहळत का होईना, पण आत जातात. परमुलखात राहणाऱ्या माणसाला हे लवकर कळतं. मलाही कधी कुठे बोलावलेलं नसायचं आणि ज्यांना बोलावलेलं असायचं ते दुसऱ्या दिवशी प्रेमाने येऊन मला सांगायचे, की फार वाईट वाटलं. वाईट खरंच वाटलेलं असायचं, त्याबद्दल मला शंका नाही. पण ते गेलेले असायचे.

आपल्याकडे पळवणकर बाळू होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आपले सर्वोत्तम डावखुरे गोलंदाज. पुण्यात त्यांच्याच गोलंदाजीवर सामने जिंकणारे सवर्ण सहकारी चहाच्या वेळी पॅव्हेलियनमध्ये बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. त्या सहकाऱ्यांपैकी एक जण जरी कप घेऊन बाहेर, बाळूंच्या शेजारी येऊन बसला असता, तरी आज त्याचं नाव आपण आदराने घेतलं असतं. डॉन्सच्या बाबतीत सगळेच्या सगळे बाहेर बसले.

आणि त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. फुटबॉलचा खर्च कॉलेजला झेपत नव्हता. बाउलचा पैसा मिळाला असता तर कदाचित तो खेळ तगला असता. तो मिळाला नाही, आणि मोसम संपताच कॉलेजने मोठ्या पातळीवरचं फुटबॉल बंद केलं. त्या कॉलेजच्या इतिहासातला सर्वांत थोर संघ त्या पातळीवरचा शेवटचा ठरला.

खेळाडू मात्र थांबले नाहीत. सेंट क्लेअर, मार्केटी आणि मॅट्सन तिघेही पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. एका कॉलेजच्या एकाच संघातून तिघं! मॅट्सन 1952 च्या उन्हाळ्यात हेलसिंकी ऑलिम्पिकला गेला आणि चारशे मीटरमध्ये कांस्य, रिलेमध्ये रौप्य घेऊन आला. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं तेही याच हेलसिंकीत. ज्या खेळाडूला अमेरिकेच्या दक्षिणेत मैदानावर पाऊल टाकू दिलं नसतं, त्याच्या गळ्यात अमेरिकेच्या नावाने दोन पदकं आली. पुढे 1959 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने एकट्या मॅट्सनच्या बदल्यात नऊ खेळाडू देऊन टाकले. तो व्यवहार करणारा रॅम्सचा व्यवस्थापक होता पीट रोझेल. त्याने डॉन्सचा मोसम डोळ्यांनी पाहिला होता.

टोलरच्या वाट्याला हे आलं नाही. क्लीव्हलँडने त्याला निवडलं होतं, पण तिथे खेळण्याआधीच एका प्रदर्शनी सामन्यात गुडघा गेला आणि खेळ संपला. मग तो शिक्षक झाला, सॅन फ्रान्सिस्कोतल्या शाळेत मुख्याध्यापक झाला, आणि 1965 मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय पंच. पंचवीस मोसम त्याने ते काम केलं. आठवडाभर शाळा, रविवारी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. जानेवारी 1980 मध्ये पॅसाडीनाच्या रोझ बाउल स्टेडियमवर सुपर बाउल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, झाला तेव्हा पंचांमध्ये तो होता. सुपर बाउलला उभा राहिलेला तो पहिला कृष्णवर्णीय पंच. डॉन्सचा अखेरचा सामना, लोयोलाविरुद्धचा, याच स्टेडियमवर झाला होता. ज्या खेळातून दुखापतीने बाहेर काढलं, त्याच खेळात शिट्टी घेऊन परत येणं आणि पंचवीस वर्षं निःपक्ष राहणं, याला मी मॅट्सनच्या पदकांहून कमी मानत नाही.

युनिव्हर्सिटीत मुलांच्या राहण्याची एक मोठी इमारत आहे. तिला पूर्वी जेम्स फेलन यांचं नाव होतं. फेलन म्हणजे या शहराचे महापौर आणि पुढे कॅलिफोर्नियाचे सिनेटर. 1920 ची निवडणूक त्यांनी कॅलिफोर्निया गोराच ठेवू, अशा घोषणेवर लढवली. रोख होता जपानी आणि चिनी लोकांवर. आशियातून आलेल्या माझ्यासारखीला या शहरात राहू द्यायची त्यांची इच्छा नव्हती, हे उघड आहे. विद्यार्थ्यांनी आवाज उठवला आणि 2017 मध्ये ते नाव उतरवून इमारतीला टोलरचं नाव दिलं. टोलर तोवर जाऊन आठ वर्षं झाली होती. हे फार उशिरा झालं असं मला वाटतं, आणि तरीही त्या मुलांचे आभार मानावेसे वाटतात.

भारतातून कुणी मुलाला कॉलेजात सोडायला आलं, की मी त्यांना त्या इमारतीपाशी नेते. ते विचारतात, टोलर कोण? मी मार्केटीपासून सुरुवात करते. युद्धातून परत येऊन शिकायला आलेल्या, मोठ्या सामन्याचं आमंत्रण समोर असलेल्या, आणि त्या आमंत्रणात स्वतःची काहीच अडचण नसलेल्या त्या मुलापासून.