इस्तंबूलची लावणी

माणसाने परदेशी कशासाठी जावे, याची कारणे काळाप्रमाणे बदलत आली आहेत. आमच्या पणजोबांच्या पिढीतले लोक बॅरिस्टर व्हायला जात. पुढे इंजिनिअर व्हायला जाऊ लागले. मग मुलीच्या बाळंतपणासाठी आईबाप जाऊ लागले. पण डोक्यावर केस लावून घेण्यासाठी समुद्रापलीकडे जावे, हे मात्र आमच्याच काळाच्या कपाळी लिहिलेले होते. आणि ते कपाळ दिवसेंदिवस रुंद होत चालले आहे, हेच या प्रवासाचे मूळ कारण!

प्रवासी माझा भाचा. वय अठ्ठावीस, पुण्याला हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत नोकरी, पगार माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाने विचारू नये असा. स्वभावाने सोन्यासारखा, पण फोटो पाहून तीन स्थळांकडून 'कळवतो' असे उत्तर आले आणि पुढे काही कळले नाही. तेव्हा त्याने इस्तंबूल काढले. ताई मला म्हणाली, "तू बरोबर जा. तुझंही डोकं त्याच वाटेवर आहे, तुला त्याचं दुःख समजेल." बहिणीचे बोलणे टोचले, पण खोटे नव्हते. दसऱ्याच्या सुट्टीला किरकोळ रजा जोडली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही मामा-भाचे मुंबईहून विमानात बसलो.

इस्तंबूलचा विमानतळ भव्य आहे. पण माझे लक्ष खिळले ते परतीच्या प्रवाशांवर. कपाळाला काळी पट्टी, मागे पांढरे बँडेज, मानेभोवती फुगवलेली उशी, अशा पुरुषांची रांगच्या रांग तिथे उभी होती. विमानकंपनीला लोक 'टर्किश एअरलाइन्स' न म्हणता थट्टेने 'टर्किश हेअरलाइन्स' म्हणतात, ते उगीच नव्हे.

शिश्ली या भागात आमचे हॉटेल होते. तिथे जागोजागी पाट्या : 'साच एकिमी'. साच म्हणजे केस. आपल्या जुन्या मराठीत साच म्हणजे खरे. आमच्या संतांना सापडलेले साच निराळे आणि या लोकांचे निराळे! 'एकिम' म्हणजे पेरणी, लागवड. आणि गंमत अशी की तुर्की भाषेत ऑक्टोबर महिन्याचे नावही एकिमच. म्हणजे आम्ही अगदी पेरणीच्या मुहूर्तावर येऊन पोचलो होतो. उपाहारगृहात बिल मागवायचे तर 'हेसाप' म्हणावे लागते. हा आपलाच हिशेब. हा शब्द कानी पडला आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. रात्री वही काढून मी खरोखरच हिशेब मांडला.

शस्त्रक्रिया, तीन रात्रींचे हॉटेल, विमानतळावरून ने-आण, औषधे आणि शाम्पू असे सगळे एकगठ्ठा अडीच हजार युरो. त्या वेळच्या भावाने सुमारे २ लाख २० हजार रुपये. दोघांचे विमानभाडे १ लाख ४ हजार. व्हिसा आणि विमा ३१ हजार. जास्तीच्या रात्री, जेवणखाण, होडी-ट्राम ३८ हजार. एकूण ३ लाख ९३ हजार. पुण्यातल्या तज्ज्ञाने याच कामाचे सव्वा लाख सांगितले होते!

इथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'इस्तंबूल स्वस्त' हे वाक्य आपले नव्हे, ते इंग्रजांचे आणि जर्मनांचे. त्यांच्या देशात याच कामाला इतके पैसे पडतात की विमानभाडे धरूनही तुर्कस्तान परवडते. शिवाय २०१३ च्या सुमारास एका डॉलरला दोन लिरा मिळत. आम्ही गेलो तेव्हा अठ्ठावीस मिळत होते. तिथला पगार, भाडे, जेवण सारे लिरात. गिऱ्हाइकाचे पैसे युरोत. स्वस्ताईचे मर्म हे आहे. आपला रुपया युरो नव्हे, एवढे साधे अंकगणित आमच्या संगणकतज्ज्ञाला समजत नव्हते असे नाही. पण त्याने ऑफिसात 'युरोप बघायला चाललोय' असे सांगून ठेवले होते. पुण्यात डोके बांधून हिंडण्याची लाज टाळण्यासाठी मोजलेले पैसे होते ते, आणि मला ते समजत होते.

या शहराचे आणि डोक्याचे नातेही जुने. सुलतान दुसऱ्या महमूदने १८२९ मध्ये अंमलदारांची पागोटी उतरवून त्यांना फेज घातली, तीच आपली 'तुर्की टोपी'. १९२५ मध्ये मुस्तफा केमालने कायदा करून ती फेजही उतरवली आणि लोकांना साहेबी हॅट घ्यायला लावली. आम्ही गेलो तेव्हा प्रजासत्ताकाला २९ ऑक्टोबरला शंभर वर्षे पुरी व्हायची होती. रस्तोरस्ती लाल झेंडे आणि केमालची चित्रे. त्या झेंड्यांखालून ही बँडेजवाली मंडळी जाताना पाहिली की वाटे, पागोटे, फेज, हॅट आणि आता ही पट्टी! आपल्याकडे 'टोपी घालणे' याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. तीच धास्ती मनात धरून मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो.

दवाखाना पंचतारांकित. पण आमच्याशी बोलायला आला तो डॉक्टर नव्हे, एक चटपटीत व्यवस्थापक. त्याने भाच्याच्या कपाळावर पेन्सिलीने ऐटदार रेघ काढली, चांगली खाली, शाळकरी मुलाला शोभेल अशी. म्हणाला, "साडेचार हजार ग्राफ्ट लावू. कितीही लावा, पैसे तेवढेच." भाच्याचा चेहरा खुलला. दुकानदार तेवढ्याच पैशांत दुप्पट माल देऊ लागला की मला मात्र घाम फुटतो. मी विचारले, "हे काम करणार कोण?" तो म्हणाला, "आमची टीम." "आणि डॉक्टर?" "ते देखरेख करतात."

आता ग्राफ्ट म्हणजे काय ते सांगतो. मुळासकट काढलेली केसांची चिमुकली जुडी. एकेका जुडीत एक ते चार केस. कपाळावरचे केस गळतात, पण डोक्याच्या मागचे आणि कानांवरचे बहुधा टिकतात. आणि हे मागचे केस पुढे लावले तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, तिथेही टिकतात. जपानच्या ओकुदा या डॉक्टरांनी १९३९ मध्ये केसांसह त्वचेचे बारीक तुकडे लावून पाहिले होते. टकलावर हा प्रयोग न्यूयॉर्कच्या ऑरेन्ट्राइखनी १९५२ मध्ये केला आणि १९५९ मध्ये त्यामागचे तत्त्व मांडले. आज एक मिलिमीटरहून बारीक नळीने एकेक जुडी सुटी काढतात.

मावळातली भाताची लावणी ज्याने पाहिली आहे त्याला हे लगेच कळेल. तरव्यातली रोपे उपटायची आणि खाचरात लावायची. फरक एवढाच की शेतकरी पुढल्या वर्षी पुन्हा तरवा टाकतो. डोक्यावरचा तरवा देवाने एकदाच टाकलेला असतो. साधारण माणसाच्या डोक्यामागून उभ्या आयुष्यात चारपासून सहा हजार जुड्या निघतात. अठ्ठाविसाव्या वर्षीच त्यांतल्या साडेचार हजार कपाळावर खर्ची घातल्या, आणि चाळिशीत शेंडीच्या जागचे केस गेले, तर? पुढे दाट झाडी, मध्ये माळरान! व्यवस्थापक पैशांचा हिशेब सांगत होता. पण खरे भांडवल मानेच्या वर होते आणि त्याचा हिशेब कोणी सांगत नव्हते.

तो आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर भेटला. इंग्लंडमधला एक ट्रकचालक समोर येऊन बसला. २०१९ मध्ये तो याच शहरात, दुसऱ्या कुठल्याशा स्वस्त ठिकाणी येऊन गेला होता. घरी सात हजार पौंड सांगितले होते, इथे सारे दोन हजारांत झाले म्हणून आनंदला होता. त्याने टोपी काढली आणि पाठ फिरवली. मागची त्वचा कसर लागलेल्या शालीसारखी दिसत होती. नको तितक्या जुड्या काढलेल्या, आणि पुढे लावलेल्यांतल्या पुष्कळशा जगल्याच नव्हत्या. आता मागे काही उरले नाही म्हणून दाढीचे केस काढून डोक्यावर लावायचे होते. "पहिल्यापेक्षा दुसरा खर्च तिप्पट," तो शांतपणे म्हणाला आणि चहा ढवळू लागला.

भाचा तो सारा दिवस गप्प होता. संध्याकाळी एमिनोनूहून उस्कुदारला जाणाऱ्या बोटीत बसलो. गालाता पुलावर गळ टाकून बसलेले लोक, डोक्यावर घिरट्या घालणारे समुद्रपक्षी, कंबरेशी निमुळत्या पेल्यातला लालभडक चहा. पुष्कळ वेळाने तो बोलला, "मामा, मला काही सिनेमातला हिरो व्हायचं नाही हो. समोरच्यानं बोलताना माझ्या कपाळाकडे न बघता तोंडाकडे बघावं, एवढंच हवंय." या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही. केसांची हौस म्हणून मी मनातल्या मनात जिची थट्टा करीत होतो, ती हौस नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानेच बोलणी केली. रेघ दोन बोटे वर घ्यायची. अडीच हजारांपलीकडे एक जुडी काढायची नाही. आणि चिरा डॉक्टरांनी स्वतः द्यायच्या, नाहीतर परत जाऊ. व्यवस्थापक हिरमुसला, पण डॉक्टर प्रकटले. डोके भादरले. बधिर करणारी इंजेक्शने टोचली, आणि सगळ्यांत दुखते ते तेवढेच. मग आधी पालथे, नंतर उताणे असे सात तास. मधे जेवणाची सुट्टी! रात्री पाठीला उशांचा डोंगर लावून बसल्याबसल्या झोप.

परत आलो आणि पंधरवड्याने नरकचतुर्दशी आली. ताई सवयीने तेलाची वाटी घेऊन उभी राहिली आणि भाचा किंचाळला. अभ्यंगस्नान त्या वर्षी खांद्यापासून खालीच झाले. त्यानंतर महिन्याच्या आत लावलेले केस गळू लागले. हे सर्वांचेच होते. मुळे जिवंत राहतात आणि तीन-चार महिन्यांनी नवे कोंब येतात. हे पुस्तकात वाचलेले असते, पण उशीवर केस दिसले की पुस्तक आठवत नाही. तेव्हा धीर द्यायला इस्तंबूलचे डॉक्टर जवळ नव्हते. पुण्याच्या त्याच तज्ज्ञाचे पाय धरावे लागले. वर्षाने फळ चांगले आले. पण जे केस मूळचे आहेत ते टिकवण्यासाठी रोजचे औषध चालू आहे, आणि ते माझ्या वहीतल्या ३ लाख ९३ हजारांत धरलेले नाही. मे २०२५ मध्ये दोन देशांत वितुष्ट आले, आपल्याकडच्या पुष्कळ प्रवासी कंपन्यांनी तिकडच्या सहली थांबवल्या. डॉक्टर आणि रोगी यांच्यामध्ये राजकारण उभे राहू शकते, हाही खर्च वहीत नव्हता.

घरी केले म्हणजे निर्धास्त, असे मात्र कोणी समजू नये. मुंबईत २०१९ मध्ये असे केशरोपण करून घेतलेला एक व्यावसायिक दोन दिवसांत दगावला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ मध्ये स्पष्ट सांगावे लागले की ही शस्त्रक्रिया शिक्षण घेतलेल्या डॉक्टरानेच करावी, तंत्रज्ञाने फक्त मदत करावी. नियम कागदावर आहे. तो दवाखान्यात आहे की नाही हे ज्याचे त्याने पाहायचे. भर्तृहरीचा तो खल्वाट उन्हाने तापून झाडाच्या सावलीला गेला आणि नेमके फळ त्याच्याच टाळूवर आदळले. बिचाऱ्याने वर काय लटकते आहे ते पाहिले नाही.

भाच्याचे लग्न अजून व्हायचे आहे. पण हल्ली तो फोटो काढताना मान खाली घालत नाही, आणि त्यापुढे सव्वा लाख काय नि चार लाख काय, असे ताईचे मत आहे. तिच्याशी वाद घालण्याची माझी छाती नाही. मात्र कोणी सल्ला मागायला आले तर मी एवढेच सांगतो : बाजारात शिरल्यावर आपण 'किती पडतील?' म्हणून विचारतो, तसे तिथेही जरूर विचारा. पण त्याच दमात 'मागे किती उरतील?' हेही विचारा. आणि उत्तर देणाराच उद्या हत्यार हातात घेणार आहे ना, याची खात्री करून मगच मान खाली घाला.